जावयाच्या देशाशी करार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे निवृत्तीअण्णा येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी उघडून बघतात. परवानगी वगैरे भानगड नाही. "काय माल हाय?" एवढं विचारतात आणि हात आत. एकदा मी "मेथी" म्हणालो आणि मेथीखाली पेरू निघाले. "मास्तर, खोटं डिक्लेरेशन!" असं चारचौघांत ओरडून त्यांनी एक पेरू जप्त केला आणि तिथेच खाल्ला.

उमेदीची वर्षं अण्णांनी कोपरगावात जकात नाक्यावर कारकुनी केली. पुढे सरकारने जकातच बंद केली. अण्णा दुसऱ्या टेबलावर गेले, यथावकाश घरी बसले. नाव निवृत्ती, पण हा मनुष्य निवृत्त काही झाला नाही. गावचा नाका गेला म्हणून त्यांनी जगाचा नाका चालवायला घेतला. कुठल्या देशाचा कुठल्या देशाशी व्यापार करार झाला हे आधी अण्णांना कळतं आणि मग दिल्लीला, असा गल्लीचा समज आहे.

त्यांचा सिद्धांत साधा आहे. "करार म्हंजे लग्नाची यादी, मास्तर. वरपक्ष तालेवार आसला की काय व्हतं? बैठक त्यांची, पेन त्यांचं, सही आपली. वर म्हनायचं, दोन्ही घरं एक झाली!" मग गाडी कांद्यावर येते. त्यांची यंत्रं, त्यांची दूध पावडर इकडे मानपानासह येणार. आपला कांदा, आपलं डाळिंब मात्र दारात उभं करून डाग बघणार, औषध कुठलं मारलं विचारणार. "आपला माल म्हंजे सून, आन् त्यांचा माल जावई!"

जागतिक भागीदारीची ही व्याख्या पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून मी वर्गात सांगत नाही. ती बरीचशी बरोबर वाटते, हा माझा खाजगी प्रश्न आहे.

दैवही मस्करीखोर. अण्णांची एकुलती लेक सुनंदा लग्न होऊन गेली ती दूधदुभत्याच्या अशाच एका बड्या देशात. अण्णा त्या देशाचं नाव घेत नाहीत, 'जावयाचा देश' म्हणतात. त्याच्याशी आपला करार होणार अशी बातमी आली, तेव्हा त्यांनी आठवडाभर निषेध म्हणून गल्लीतल्या प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर दुप्पट जकात लावली.

गेल्या थंडीत सुनंदाचे दिवस भरत आले. तिला आई नाही. अण्णांनी स्वतः डिंकाचे लाडू वळले. पहिल्या खेपेचे फरशीवर आपटूनही फुटेनात. दुसऱ्या खेपेचे जमले. पार्सलच्या फॉर्मवर सगळं जग 'खाऊ' लिहितं. अण्णांनी लिहिलं, 'डिंक, खारीक, खोबरं, गूळ आणि घरी कढवलेलं साजूक तूप'. तिकडच्या नाक्याने तूप वाचलं, डबा उघडला आणि लाडू नष्ट केल्याचं अदबशीर पत्र पाठवलं. गल्ली खो खो हसली. मीही हसलो, आता त्याची लाज वाटते.

"नाका कडक हाय," अण्णा म्हणाले. "त्यांचं बरोबर हाय."

मुलगी झाल्याचा फोन आला, त्यानंतर चार दिवसांनी अण्णा माझ्याकडे आले. हातात नवा डबा, कोरा फॉर्म. "मास्तर, नव्या करारात तुपाचं काय ठरलंय?"

मी मोबाईलवर धुंडाळलं. यंत्रं होती, लोकर होती, दारू होती. बाळंतिणीच्या लाडवांबद्दल दोन्ही देश गप्प होते. मी तसं सांगितलं.

अण्णांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. "तुमीच भरा. माझ्या हातून न्हाई व्हनार."

"काय लिहू?"

"खाऊ लिहा. तूप नका लिहू." अण्णांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "पोर इचारती, अण्णा, लाडू कधी येत्यात? आई आसती तर तिला इचारावं लागलं आसतं का? मी काय सांगू तिला, नियम?"

मी 'खाऊ' लिहिलं. खाली इंग्रजीत एक ओळ छापलेली होती, वरील माहिती खरी आहे अशी. ती मी मुद्दामच वाचून दाखवली नाही.

"ती वळ ठाव हाय मला," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी सही केली.