गोदावहिनींचा बंदोबस्त

परीक्षेच्या दिवशी सकाळीच अक्षयाने अंगणाच्या फाटकाशी, बेड्याजवळ, आईसाठी खुर्ची मांडली.

"आई, माझी तोंडी परीक्षा मोबाइलवर आहे. खोलीत दुसरं माणूस दिसलं, नुसता आवाज आला, तरी मला बाद करतील. कुणी म्हणजे कुणीही आत येता कामा नये."

"नाय येणार," गोदावहिनी म्हणाल्या आणि पदर खोचून बसल्या.

अक्षया सैन्य पोलिसात होती. उत्तरेकडच्या एका छावणीच्या फाटकावर पहारा आणि तो संपला की बराकीत बसून बी.ए.चा ऑनलाइन अभ्यास, असं करत तिने लोकप्रशासन घेऊन शेवटचं वर्ष गाठलं होतं. गेल्या खेपेला ऐन परीक्षेच्या वेळी तिला ताफ्याबरोबर धाडलं आणि तोंडी राहिली. आता ही संधी हुकली, तर अधिकारीपदाच्या परीक्षेचं वय उलटणार होतं. म्हणून तर रजा काढून ती आरे-वारेजवळच्या आपल्या घरी आली होती.

गोदावहिनींनी मुलीचा शब्द मनावर घेतला. मासळीवालीला लांबूनच हाताने परतवलं. कोंबड्या टोपलीखाली डालल्या. सख्खा दीर रघू पुतणीसाठी शहाळी घेऊन आला, त्यालाही बेड्याबाहेरच बसवलं.

आत अक्षयाचं झकास चाललं होतं. परीक्षक मॅडम सौम्य होत्या, प्रश्न सरळ होते. मग एकाएकी पंखा थांबला. थोड्या वेळाने पुढचा प्रश्न विचारायला मॅडमनी तोंड उघडलं आणि ते पडद्यावर तसंच उघडं राहिलं. रेंज गेली होती.

अक्षया धावत बाहेर आली. बेड्यापलीकडे रघूकाकाच्या शेजारी वायरमन दादू शहाळ्यातली मलई खात निवांत बसला होता.

"दादूकाका, तुम्ही इथे?"

"मगासपासून हाय. विजेच्या डीपीत ठिणग्या उडतायत म्हणून फोन आला. डीपी तुमच्या परसात आणि वहिनी आत सोडीनात. मी म्हटलं, वहिनी, लाइट जाईल. गेली. म्हटलं, टॉवरची बॅटरी जुनी हाय, रेंजपण जाईल. ती पण गेली."

"आई, अगं, ह्यांना तरी सोडायचंस."

"कुणी म्हणजे कुणीही, असं तूच म्हणालीस गो. दादूभावजींचं नाव वगळलं नव्हतंस."

ओळखपत्र विसरून आलेल्या मोठ्या साहेबाला फाटकावर उन्हात उभं केल्याबद्दल अक्षयाला स्वतःला शाबासकी मिळाली होती. आईला आता कुठल्या तोंडाने बोलणार?

दादूने परसात जाऊन काम उरकलं. रेंज आली, मॅडमही आल्या. पण त्यांचा चेहरा बदलला होता.

"संपर्क मधेच तुटला, तर नियमाप्रमाणे मी तुमची परीक्षा रद्द करायला हवी. काय झालं ते सांगा."

अक्षयाने काही न लपवता सगळं सांगितलं. मॅडमनी विचारलं, "ह्यात चूक कुणाची?"

"हुकूम देणाऱ्याची, मॅडम. काय करायचं ते मी सांगितलं, कुणाला सोडायचं ते सांगितलं नाही. अडचण आली तर विचारायचं कसं, तेही नाही. पहाऱ्यावरच्या माणसाचं काहीच चुकलं नाही."

मॅडमनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. वर पाहिलं तेव्हा त्या हसू दाबत होत्या.

"हे उत्तर मी परीक्षेत धरते. पुढचा प्रश्न."

निकाल लागला तेव्हा अक्षया परत छावणीत होती. पास झाल्याचं सांगायला तिने घरी फोन लावला. गोदावहिनींना आनंद झाला, पण नेहमीसारख्या त्या भरभरून बोलेनात.

"अक्षू, तसं मोबाइलवर दहावीचं पण शिकता येतं काय गो?"

"येतं की. कुणाला करायचीय?"

"रघूभावजी विचारीत होते." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "मलाच. सातवीला सोडलेली शाळा. कालच नाव घातलंय. बाकी जमेल, गणित तेवढं तू शिकव."

"शिकवते," अक्षया म्हणाली. आणि फोन ठेवून ती संध्याकाळची ड्युटी बदलून मागायला गेली.