नाखव्याला 'कुठं' विचारू नये

हिराजी नाखव्याला "कुठं चाललास?" असं कुणी विचारलं, की तो जिथं असेल तिथं खाली बसतो.

बसतो म्हणजे खरोखरच बसतो. रस्ता असो, मासळीबाजार असो, नाहीतर कुणाच्या लग्नाची वरात असो. पाच मिनिटं बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, एकवीरा आईचं नाव घ्यायचं आणि उजवा पाय पुढं टाकून नव्यानं निघायचं. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून टोकलं की त्याचं काम होत नाही, हे आमच्या थळला सगळेच मानतात. समुद्रावर निघालेल्याला तर कुणी चुकूनही विचारत नाही. पण इतरांना टोकलं तर ते मनातल्या मनात चरफडतात आणि पुढं जातात. नाखवा बसतो.

एसटीत त्याची फार पंचाईत होते, कारण कंडक्टरचा धंदाच 'कुठं' विचारण्याचा. म्हणून कंडक्टर पाच बाकडी लांब असतानाच नाखवा ओरडतो, "अलिबाग एक." एकदा एका नव्या कंडक्टरनं त्याला पाठीमागून गाठलं आणि विचारलं. नाखवा घंटी वाजवून उतरला, मोरीच्या कठड्यावर बसला, पाणी प्यायला आणि पुढच्या गाडीनं गेला. निघाला होता डॉक्टरकडं. "टोकलेल्या गारीनं गेलो असतो तं सुई वाकरी लागली असती," असं त्यानं मला नंतर समजावून सांगितलं.

अशा माणसाला घेऊन मी परदेशात अडीचशे किलोमीटर चालायला गेलो. चूक माझीच. तीस वर्षं मी हायस्कुलात भूगोल शिकवला, आणि त्यातला पनवेलपलीकडचा बराचसा ऐकीव होता. निवृत्तीनंतर मोबाइलवर एक यात्रा दिसली. पोर्तुगालमधल्या पोर्तोपासून समुद्राच्या कडेकडेनं निघायचं आणि स्पेनमधल्या सांतियागोला एका संताच्या समाधीपर्यंत चालत जायचं. जगभरची माणसं जातात, निम्मी तर आमच्याच वयाची. आमच्या हिचे गुडघे दुखतात. ती म्हणाली, "जायचं तर जा, पण एकटं नाही. कुणीतरी माणूस बरोबर पाहिजे." मी सगळ्यांना विचारून पाहिलं. एकाला मधुमेह निघाला, एकाला नातू, एकाला सून. उरला नाखवा.

नाखव्याला चालण्याचा तिटकारा. "चालनं शेतकऱ्याचं काम. कोल्याला देवानं पाय दिले ते होरीत उभं राहाला," हे त्याचं शास्त्र. घरापासून धक्का हाकेच्या अंतरावर, तिथंही तो रिक्षानं जातो. त्याला पटवायचं म्हणून मी संताची गोष्ट सांगितली. हा संत मूळचा कोळी. दोघं भाऊ बापाबरोबर होडीत जाळी दुरुस्त करत बसले होते. किनाऱ्यावरून गुरूनं हाक मारली, तशी दोघांनी जाळी टाकली, बापाला होडीत सोडलं आणि चालू लागले.

"न बापूस?" नाखव्यानं विचारलं.

"बापाचं काय?"

"तो काय बोलला?"

"ते लिहिलेलं नाही."

"कसं न्हाय लिवलं? पोरं गेल्यावर जाली कुनी ओढली?" मग पेटवायला काढलेली बिडी त्यानं परत कानावर ठेवली. शेवटी म्हणाला, "मी येतो. मना त्या संताला दोन शब्द सुनवायचे हायत."

हे दोन शब्द खरे कुणाला सुनवायचे होते, ते थळच्या कोळीवाड्यात शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. नितेश हा नाखव्याचा एकुलता एक मुलगा. अकरा वर्षांपूर्वी त्यानं बोटीवर यायचं नाकारलं, जहाजावरच्या नोकरीचा फॉर्म भरला आणि गेला. आता सिंगापूरच्या बंदरात असतो. तेव्हापासून बापलेकांत शब्द नाही. मुलगा दोनदा रजेवर आला. पहिल्या खेपेला नाखवा बोट घेऊन समुद्रावर गेला. दुसऱ्या खेपेला ऐन पावसाळा होता, मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या. तर हा पठ्ठ्या वाळूवरच्या बोटीत चढून आठ दिवस बसला, जेवणाचा डबासुद्धा तिथंच मागवला. मुलाचा फोन आला की त्याची आई, हौसावैनी, स्वयंपाकघरात बोलतात आणि नाखवा बाहेर टीव्हीचा आवाज बंद करतो. "मालिकेत बोलतात ते आयकवत न्हाय," म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं बोटही विकली.

विमानतळावरच पहिलं बसणं झालं. पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्यानं हिंदीतून विचारलं, "कहाँ जा रहे हो?" नाखव्यानं माझ्याकडं पाहिलं. हिंदीतलं 'कुठं' लागू होतं की नाही, याचा त्यानं क्षणभर विचार केला, होतं असं ठरवलं आणि काउंटरपुढच्या फरशीवर मांडी घातली. पाण्याची बाटली सामानात गेलेली. मग दोन शिपाई आले. त्यांना मी काय काय सांगितलं ते इथं लिहीत नाही, पण त्यात देव, मूळव्याध आणि चक्कर या तिन्ही गोष्टी होत्या.

पोर्तुगालात तरी सुख लागेल असं वाटलं होतं, कारण न कळणारा प्रश्न लागू होत नाही असा निकाल खुद्द नाखव्यानंच दिला होता. पण पहिल्या दिवशी एका म्हातारबाबांनी हसत काहीतरी विचारलं आणि मी शहाण्यासारखा अर्थ सांगून बसलो, "कुठं चाललात, म्हणून विचारतोय." झालं. तेवढा एक शब्द नाखव्यानं कायमचा ओळखून ठेवला. त्या वाटेवरची माणसं भारी अगत्याची. शेतातली बाई विचारी, पाववाला विचारी, सायकलवरून जाणारा पाद्रीसुद्धा थांबून विचारी. दिवसातून वीस वेळा नाखवा खाली. आम्ही मुक्कामाला पोचायचो तेव्हा सगळ्या खाटा भरलेल्या असायच्या.

शेवटी मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत 'सांतियागो' असं लिहून त्याच्या गळ्यात अडकवलं. म्हटलं, आता कोण कशाला विचारतोय? अर्ध्या तासात एक गाडी कचकन थांबली. तिकडं गळ्यात गावाचं नाव अडकवणारा माणूस फुकट गाडी मागतोय असं समजतात, हे आमच्या भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं. गाडीतल्या आजीबाईंनी काच खाली केली आणि प्रेमानं तोच शब्द विचारला. नाखवा भर डांबरी रस्त्यावर बसला. आजीबाईंना वाटलं, माणूस भुकेनं खचला. त्यांनी एक पाव आणि सुक्या माशाचा तुकडा दिला. मासा हुंगून नाखवा म्हणाला, "मीठ कमी पडलंय."

बाकी देश त्याला पसंत होता. पाव मागितला की पाव मिळे, बटाटा मागितला की बटाटा, चावी मागितली की चावी. पेरू मागितला तेव्हा नासपती आली, पण ती त्यानं बिनबियांचा पेरू म्हणून खाल्ली. "मानसं आपलीच हायत. नाकात बोलतात तेवरंच," असं त्याचं मत पडलं. हे शब्द त्यांच्याकडून आपल्याकडं आले, हे मी चारपाच शतकांच्या इतिहासासकट सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "म्हंजे किल्ले सोडून गेले न पाव इसरले." नकाशाकडं तर त्यानं एकदाही पाहिलं नाही. "दर्या डाव्या हाताला, तोंड उत्तरेला. म्हंजे थलवरनं रेवसला चाललो." माझी तीस वर्षं अशी एका वाक्यात निकालात निघाली.

यात्रेकरू खूण म्हणून पिशवीला समुद्रातली शिंपी बांधतात, तीही त्याला पटली नाही. "आपन आतलं खातो न शिंपी टाकतो. यांनी आतलं टाकलं न शिंपी बांधली." पण त्याचा मुख्य उद्योग वेगळाच होता. दिसेल त्या देवळात शिरायचं आणि माझ्यामार्फत पाद्रीबाबांना विचारायचं, की संत गेल्यावर त्याच्या बापाचं काय झालं? माझं इंग्रजी हायस्कुलातलं, त्यांचं माझ्याहून बेताचं. एका पाद्रीबाबांनी पोथी उघडून दाखवलं, की होडीत बापाबरोबर पगारी गडी होते, तेव्हा काम काही अडलं नसावं.

"गरी होते म्हंजे झालं?" नाखवा भडकला. "गरी काय, मनापन होते." बाहेर आल्यावर तो संताला सुनवायच्या बोलण्याची उजळणी करू लागला. त्यात 'नालायक' हा शब्द तीनदा होता. एवढ्या लांब येऊन दुसऱ्याच्या देवाला शिव्या देणारा यात्रेकरू त्या वाटेनं तोवर पाहिला नसेल. मला चिंता एवढीच, की तिथंही शिपाई असणार.

पोर्तुगाल संपतं तिथं एक रुंद नदी आहे. पलीकडं स्पेन. एक नाववाला छोट्या यांत्रिक होडीतून यात्रेकरूंना पार करतो. त्यानं आम्हाला हातानंच बसा म्हणून खुणावलं आणि एक अक्षर न बोलता होडी सोडली. इतक्या दिवसांत काही न विचारणारा हा पहिला माणूस. "दर्याचा मानूस हाय," नाखवा म्हणाला. तो होडीत उभाच राहिला. इंजिनाचा आवाज ऐकला, मान हलवली. मग पाण्याकडं बघत, मी काहीही विचारलं नसताना बोलायला लागला.

"नितेस निघाला त्या दिशी मी ओट्यावर बसलेलो. लाल बॅग घेऊन पायरी उतरला. निघालेल्याला टोकाचं नसतं, मना काय ठावं न्हाय? मी मुद्दाम टोकलं. बोललो, कुठं चाललास?"

होडी हेलकावली, तशी मी कडा धरली.

"मना वाटलं, बसंल. लहानपनापासून बसवलंय त्याला. पाच मिन्टं बसंल, पानी पील. तेवऱ्यात मी कायतरी बोललो असतो."

"मग?"

"बसला न्हाय. वललापन न्हाय. पाठ दिसली तेवरी." होडी नदीच्या मध्यावर आली होती. "टोकलं मी न गेला तो. तवापासून तो कुठंपन असला तरी मना झोप येत न्हाय. बापसानं टोकलेला पोरगा हाय."

मी काहीतरी समजुतीचं बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "फारम तुझ्याच टेबलावर भरला ना? हिरव्या शाईनं."

फॉर्म माझ्याच घरी भरला होता, माझ्याच पेननं. ही गोष्ट नाखव्याला माहीत नाही अशा समजुतीत मी अकरा वर्षं त्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला कधी बोलला नाहीस ते?"

"काय बोलू? अक्षर चांगलं व्हतं," नाखवा म्हणाला.

पलीकडं उतरल्यावर त्यानं पाव मागितला, तर दुकानदार पावच दाखवत 'पान, पान' म्हणायला लागला. "पान जेवनानंतर," असं त्याला मराठीत ठणकावून नाखवा पुढं निघाला. मी मागून चालत होतो आणि त्या दिवसापासून त्याची टिंगल करायची माझी हिंमत थोडी कमी झाली.

सांतियागोचं देऊळ प्रचंड आहे. संताचा रंगीत पुतळा वेदीवर उंच बसवलेला. तिथली रीत अशी, की मागच्या बाजूनं अरुंद पायऱ्या चढून जायचं आणि संताला पाठीमागून मिठी मारायची. समोरून जायला वाटच नाही. हे मलाही माहीत नव्हतं. नाखवा माझ्यापुढं होता, ओठ पुटपुटत होते, 'नालायक' ऐकू आलं. शेवटची पायरी चढला आणि थबकला. समोर संताचं तोंड नव्हतं. पाठ होती.

मागची रांग खोळंबली. एक बाई खाकरली. शिपायानं हात केला. नाखवा त्या पाठीकडं बघत उभा. मग त्यानं दोन्ही हात पुढं केले, पुतळ्याच्या खांद्यांवरून टाकले आणि कानाशी तोंड नेलं. मी एक पायरी खाली होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"जा बाबा," तो म्हणाला. "मी कायच इचारलं न्हाय."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. तिथं पुष्कळजण रडतात, कुणी बघत नाही.

बाहेर चौकात ऊन होतं. तो म्हणाला, "मास्तर, तुझा फोन दे. नितेसला लाव." मी फोनमध्ये नाव शोधायला लागलो, तर त्यानं माझ्याकडं न बघता घडाघडा आकडे सांगितले, सिंगापूरच्या सुरुवातीच्या आकड्यांसकट. मी लावून त्याच्या हातात दिला. पलीकडं घंटा वाजत होती. चौकात घंटानाद, माणसांचा गलबला. नाखवा ताठ उभा होता, पहिल्यांदा समुद्रावर निघालेल्या माणसासारखा.

"मी बोलतो," तो म्हणाला. "बाबा."

मग नितेशचा आवाज आला, इतका मोठा की मलाही कळला.

"बाबा? तुमी कुठं हाव?"

हा प्रश्न खरं तर नियमात बसत नाही. नाखवा निघालेला नव्हता, पोचलेला होता. तरी तो तिथल्या तिथं, चौकातल्या दगडांवर खाली बसला. मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं ती हातानंच दूर सारली आणि बोलायला लागला.