बेवारस पाँटिअ‍ॅक

शेजारच्या नीलची जुनी पाँटिअ‍ॅक गॅरेजमध्ये येऊन चार दिवस झाले आणि पाचव्या दिवशी रावसाहेबांना तिचं बॉनेट उघडायचा मोह आवरला नाही. नीलच्या गॅरेजचं छप्पर गळत होतं आणि तो महिनाभर लेकीकडे नेल्सनला निघाला होता, म्हणून जाताना गाडीची किल्ली त्याने रावसाहेबांच्या मुलाच्या, म्हणजे अभिनवच्या हाती दिली होती. आता बत्तीस वर्षं साताऱ्याच्या आरटीओत मोटार वाहन निरीक्षक म्हणून घालवलेल्या माणसापुढे एकसष्ट सालची गाडी ठेवायची आणि त्याने नुसतं बघत बसायचं? परदेशात, अप्पर हट गावी, मुलाकडे येऊन तीन महिने झाले होते. तीन महिन्यांत तपासण्यासारखं काही म्हणजे काही मिळालं नव्हतं.

बॉनेट उघडलं आणि रावसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाव पाँटिअ‍ॅक, आणि आत इंजिन शेवरोलेचं! ते बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटले. सांगाडाही शेवरोलेचाच. त्यांनी चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, ठसा उचलला आणि थेट स्वयंपाकघर गाठलं.

"अगं, ही गाडी कापलेली आहे!"

"कापलेली म्हणजे?" मंदाकिनीबाई फरसबी चिरत होत्या.

"एकीचं धड, दुसरीचं तोंड. चोरीची गाडी पचवायची असली की असंच करतात. कराडला मी स्वतः पकडली होती."

"तुम्हाला माझ्या भावाची स्कूटरसुद्धा चोरीची वाटली होती."

"तिचा नंबर वाचता येत नव्हता!"

रात्री जेवताना त्यांनी अभिनवच्या कानावर घातलं. तो आधीच वैतागलेला होता. रेसिडन्सीचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज भरून सात महिने झाले होते आणि परवाच त्याच्याकडे पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला मागितला होता.

"बाबा, प्लीज. लोकांच्या गाडीला हात लावू नका. इथे एकदा पोलिसांत नाव गेलं ना, की माझी रेसिडन्सी संपलीच समजा."

अभिनवला बापड्याला गाडी वाचवायची होती. पण त्या वाक्यातलं रावसाहेबांनी नेमकं काय उचललं? पोलीस, नाव आणि संपली. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. चोरीचा माल मुलाच्या गॅरेजात! सकाळी पडद्याआडून बघतात तर गल्लीतून पोलिसांची गाडी हळूहळू चाललेली. दहा मिनिटांनी तीच गाडी परत आली. रावसाहेबांनी पडदा ओढून घेतला.

आता एकच मार्ग उरला. झडती व्हायच्या आत माल स्वतःच जमा करायचा आणि मुलाचं नाव त्यात येऊ द्यायचं नाही. त्यांनी शाळेत गेलेल्या नातवाची वही घेतली आणि सुवाच्य इंग्रजीत पंचनामा लिहिला. रंग, टायर, काचा, कुठे किती गंज, सगळं आलं. 'वाहन कोठे मिळाले' इथे मात्र पेन अडकलं. बत्तीस वर्षांत त्यांनी कागदावर एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. शेवटी देवाची माफी मागून लिहिलं, 'रस्त्याच्या कडेला, बेवारस,' आणि सवयीने खाली नावानिशी सही ठोकली.

अभिनव वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. मंदाकिनीबाई आंघोळीला गेल्या होत्या. रावसाहेबांनी स्वेटर चढवला, ओळख पटू नये म्हणून माकडटोपी घातली, फोन मुद्दाम घरीच ठेवला, दारामागची किल्ली उचलली आणि पाँटिअ‍ॅक बाहेर काढली. गाडी कसली, जहाजच ते! पोलीस ठाण्यापर्यंतची सहा मिनिटं त्यांनी रामरक्षा म्हणत काढली.

"किया ओरा!" काउंटरवरची पोलीस बाई इथल्या पद्धतीने नमस्कार करत प्रसन्न हसली. तिने पंचनाम्याची चारही पानं वाचली, दोनदा भुवया उंचावल्या आणि बाहेर जाऊन गाडीला चक्कर मारून आली.

"मिस्टर निकम, ही कापलेली नाही. ही जन्मतःच अशी आहे."

"अशी कशी असेल?"

"कॅनडाची आहे ना! तिथे गिऱ्हाईक थोडं. प्रत्येक नावासाठी वेगळं इंजिन, वेगळा सांगाडा बनवणं कंपनीला परवडायचं नाही. अमेरिकेतून तयार गाडी आणावी तर जकात भारी. मग आतली हाडं शेवरोलेची आणि वरचे कपडे पाँटिअ‍ॅकचे, अशी जोडगाडी कॅनडातच बनवायची. आमच्याकडे कॅनडाच्या मालाला जकात कमी होती, म्हणून तिकडून सुट्या भागांची खोकी यायची. माझे आजोबा इथे पेटोनीच्या कारखान्यात ह्याच गाड्या जोडायचे."

रावसाहेबांनी आपल्या पंचनाम्याकडे पाहिलं. "म्हणजे ही चोरीची नाही?"

"नव्हती," बाई संगणकाकडे बघत म्हणाली. तिचं हसू मावळलं. "पंधरा मिनिटांपूर्वी तक्रार आली आहे. गॅरेजमधून निळी पाँटिअ‍ॅक चोरीला गेली. समोरच्या घरातून चोर दिसला. वयस्कर इसम, डोक्याला लोकरीची टोपी."

रावसाहेबांचा हात आपोआप टोपीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"तक्रारदार अभिनव निकम. तुमचंही आडनाव निकमच ना?"

"आमच्याकडे निकम हीप्स आहेत," रावसाहेब घाम पुसत म्हणाले. नातवाकडून शिकलेला, 'ढिगाने' ह्या अर्थाचा इथला शब्द बरोबर वेळेला आठवला.

तेवढ्यात दार उघडलं आणि अभिनव धापा टाकत आत आला. बाहेर उभी पाँटिअ‍ॅक त्याने पाहिली होती. आता माकडटोपीही पाहिली.

"बाबा?"

"तुम्ही ह्यांना ओळखता?" बाईने रावसाहेबांना विचारलं.

रावसाहेबांच्या डोळ्यांपुढे मुलाचा अर्ज, दाखला, सात महिने, सगळं उभं राहिलं. काळजावर दगड ठेवून ते ताठ उभे राहिले.

"नो मॅडम. मी ह्या गृहस्थांना आयुष्यात कधी पाहिलेलं नाही."

"अहो!" मागून मंदाकिनीबाईंचा आवाज आला. "बीपीची गोळी न घेता कुठे उलथलात? जीव टांगणीला लावलात आमचा! आणि काढा ती टोपी आधी, घामाने निथळताय." त्यांनी टोपी ओढून काढली, गोळी हातावर ठेवली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

पोलीस बाईला मराठीतलं एक अक्षर कळलं नव्हतं. पण बायकोचा आवाज कुठल्याही भाषेत कळतो. तिने ओठ घट्ट मिटून हसू दाबलं.

"हे बघा, गाडी सुखरूप आहे. घरातलाच कोणी घेऊन गेला असेल तर तक्रार मी रद्द करते. कुणाच्याही नावावर काही राहणार नाही. फक्त मला लिहावं लागेल, हे कोण?"

रावसाहेब मुलाला डोळ्यांनी विनवत होते, ओळखत नाही म्हण, ओळखत नाही म्हण. अभिनवने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने लाल झालेला त्याचा चेहरा हळूहळू निवळला आणि डोळे भरून आले. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझे वडील आहेत," तो म्हणाला.

"अरे गाढवा," रावसाहेब गोळी तोंडात धरूनच कळवळले, "निदान लेखी तरी देऊ नकोस!"