मागचं बघितल्याशिवाय डबल नाय

"आपण सायकल टूरला आलोय की एसटीत बसलोय?"

महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलेल्या एका पाहुण्याने शेजारच्याला हे हळूच विचारलं. मी त्यांच्या मागे सायकलींना कुलपं लावत होते, म्हणून ऐकू आलं. पलीकडच्या नव्या रिसॉर्टच्या मॅनेजरांनीही ऐकलं आणि कुंदाआत्यानेही. मॅनेजरांचा चेहरा पडला. आत्याचा खुलला. "बघ," ती माझ्या कानाशी म्हणाली, "लोकांना कळतंय."

कुंदाआत्या माझी सख्खी आत्या नव्हे. बिरवाडीत तिच्या चार खोल्या आहेत. त्यातल्या एकीत आम्ही मी लहान असल्यापासून भाड्याने राहतो. बाबा एमआयडीसीत कामाला, शेजारच्या खोल्यांतले लोकही तिथेच, आणि आत्या आमच्या सगळ्यांची. नोकरीची सगळी वर्षं तिने एसटीत कंडक्टर म्हणून काढली. रिटायर झाल्यावर खाकी उतरली, पण आतला कंडक्टर काही उतरला नाही.

मुंबईच्या भाच्याने त्याची जुनी गिअरची सायकल तिच्याकडे आणून टाकली, तिथून हे सुरू झालं. आत्याने साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला, ओढणी कमरेला बांधली आणि सायकलला दूधवाल्याकडे असते तसली मोठी घंटी बसवून घेतली. गिअर मात्र तिने दोनच मानले, एक सपाटीचा आणि एक घाटाचा. बाकीचे कशाला दिलेत, असं तिने दुकानदाराला विचारलं होतं.

मग तिने कुंडाभोवतीचे रूट आखले. प्रत्येक रूट कुंडापासून निघणार आणि कुंडापाशीच संपणार, कारण गरम पाण्याला पाय लागल्याशिवाय ट्रिप बंद होत नाही असा तिचा नियम. बिरवाडीचा रूट 'जलद'. हिरकणीवाडीचा 'वस्तीची गाडी', कारण गडाखाली पिठलं-भाकरी खाल्ल्यावर तिथून कोणाचा पाय निघत नाही. आणि पोलादपूरवरून आंबेनळीच्या घाटात शिरणारा तिचा लाडका रूट 'साधी'. म्हणजे सगळे थांबे घेणारी.

रिसॉर्टवाल्यांना ही कल्पना आवडली. पाहुणे येऊ लागले. निघताना आत्या प्रत्येकाला विचारायची, "कुठं उतरणार?" सगळे एकाच ठिकाणी जाऊन परत येणार असले तरी. एकदा एक तरुण इंजिनियर गोंधळून म्हणाला, इथेच परत यायचंय. "मंग रिटर्न सांग ना," आत्या म्हणाली. मोकळ्या रस्त्यावर दोघं जोडीने रेंगाळले की मागून आवाज यायचा, "पुढं सरका, पुढं जागा हाय." आणि परतताना वाऱ्यावर कंपन्यांचा वास आला की, "बिरवाडीवाले सामान आवरा."

मला तिने इंग्रजीसाठी घेतलं. मी महाडच्या इंग्रजी शाळेत शिकले, आता घरून लॅपटॉपवर काम करते आणि कोणाशी फारसं बोलत नाही. "दोन-दोन भाषा येतात हिला," आत्या माझ्या आईला म्हणाली, "आन दोन्हींत गप." पण माझी भीती तिला कळली असावी. तिने मला डायवर केलं. डायवर म्हणजे सगळ्यांच्या पुढे सायकल चालवायची, बोलायचं काही नाही. "चालकाशी बोलू नये, पाटी वाचली नाय कधी?" असं ती पाहुण्यांनाही बजावायची. आयुष्यात इतकं सोयीचं काम मला कोणी दिलं नव्हतं.

ती स्वतः सगळ्यांच्या मागे असायची. तिच्या मते कंडक्टरची जागा मागच्या दाराशी आणि गाडी असते कंडक्टरची, डायवर नुसता हाकतो. तिची एक घंटी झाली की थांबायचं, दोन झाल्या, म्हणजे डबल, की निघायचं. आणि ती प्रत्येक थांब्यावर एक घंटी द्यायची. शेड असो, नुसता खांब असो, चिटपाखरू नसो. सगळे पाय टेकून उभे. आत्या मागे वळून, पायवाट उतरते तिथपर्यंत नजर टाकून बघायची. अर्धं मिनिट. "कोण पळत येत असंल तर?" मग टिंग टिंग. कोणी कुरकुर केली तर ठरलेलं उत्तर, "मागचं बघितल्याशिवाय डबल नाय."

कुणीही कधी पळत आलं नाही. एकदा एक बकरी आली. आत्याने तिलाही वाट दिली.

तर त्या दिवशी कुंडावर ते वाक्य झालं आणि मॅनेजरांनी आत्याला बाजूला घेतलं. सभ्य माणूस. म्हणाले, लोकांना वेग हवा असतो, तंद्री मोडलेली आवडत नाही. येत्या रविवारी पुण्याचा मोठा ग्रुप येतोय, आंबेनळीचाच रूट. तुम्ही पुढे राहा, गाइड पुढे दिसला पाहिजे, आणि थांबे बंद. तक्रार आली तर मला पुण्याचाच एखादा मुलगा बघावा लागेल.

मला वाटलं आता आत्या त्यांना डेपोच्या भाषेत उत्तर देईल. ती "बरं" म्हणाली.

परत येताना ती माझ्या शेजारून सायकल चालवत होती, हे कधी होत नाही. दासगावाकडे सूर्य कलत होता, कापलेल्या भाताच्या खाचरांत बगळे उभे होते. मी विचारत नाही म्हणूनच बहुधा तिने सांगितलं.

आंबेनळीच्या रस्त्यावर उंबरवाडी फाटा आहे, तिथे आत्याचं माहेर. वाडी वर डोंगरात. ती महाबळेश्वरच्या गाडीवर ड्युटीला असताना तिची आई रोज तिच्यासाठी डबा घेऊन फाट्यावर यायची. आईकडे घड्याळ नव्हतं. खालच्या वळणावर गाडीचा आवाज ऐकला की ती घरातून निघायची आणि पायवाटेने पळत सुटायची. आत्या अर्धं मिनिट गाडी धरायची. आई यायची, खिडकीतून डबा द्यायची, कालचा रिकामा घ्यायची. बोलणं काही व्हायचं नाही, दोघींनाही दम लागलेला असायचा, एकीला पळून आणि दुसरीला लोकांच्या शिव्या ऐकून. शेवटी कोणीतरी तक्रार केली. आत्याला मेमो मिळाला. दुसऱ्या दिवशी तिने फाट्यावर मागे बघितलंच नाही. डबल दिली. मागच्या काचेतून तिला आई दिसली, पायवाटेच्या शेवटी, डबा धरलेला हात वर.

"मंग भांडली ती?" मी विचारलं. आत्याबरोबर राहून मीही 'मंग' म्हणायला लागले होते.

"नाय गो," आत्या म्हणाली. "दुसऱ्या दिवसापासून आधीच येऊन बसायला लागली. फाट्यावर दगड हाय मोठा, त्यावर. सकाळचं काम टाकून, उन्हात, पावसात. किती वेळ आधी यायची ते तिनं कधी सांगितलं नाय. मी डबा घ्यायची आन डबल द्यायची. गाडी टायमात."

मग तिने घाटाचा गिअर टाकला, घाट नसताना, आणि पुढे निघून गेली.

रविवार इतका सुंदर उजाडला की मला त्याचा रागच आला. पुण्याचा ग्रुप हसरा होता, चमकत्या सायकली, रंगीत टोप्या. आत्या पुढे. निघण्याआधी तिने स्वतःच्या सायकलची मोठी घंटी सोडवून माझ्या सायकलला बसवली. "मागचं दार आज तुझं," एवढंच म्हणाली.

आम्ही निघालो आणि खरं सांगते, उडालो. सावित्रीच्या काठाने धुकं विरत होतं. महाड मागे पडलं, पोलादपूरच्या चौकात वडे तळल्याचा वास आला आणि पुढच्या वळणावर विसरला गेला. एकही थांबा नाही. शेड येत होत्या आणि जात होत्या. घाटाचा पहिला चढ सगळ्यांनी आरोळ्या देत चढला. माझ्या मांड्या पेटल्या होत्या, श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि तरी मला हसू येत होतं. दरी उघडली तेव्हा कोणीतरी मोठ्याने आईला हाक मारावी तसं "अगं आई गं" म्हणालं. मॅनेजर जीपमधून मागे येत होते. मी वळून बघितलं तर त्यांनी अंगठा दाखवला.

मग उंबरवाडी फाटा आला.

सगळ्यांच्या पुढे मला आत्याची पाठ दिसत होती. दगडापाशी तिचे पाय थांबले नाहीत. मान मात्र वळली, पायवाटेकडे, आणि सायकल पुढे जात राहिली तरी वळलेलीच राहिली. तिचा डावा हात हँडलवर जिथे घंटी असायची तिथे गेला आणि रिकामा परत आला.

मी ब्रेक दाबला. त्या दगडापाशी पाय टेकले. गाडी कंडक्टरची असते, असं मी मनात म्हटलं आणि एक घंटी दिली. वाऱ्यात ती पुढच्यांपर्यंत पोचलीच नाही. जीप माझ्या मागे येऊन थांबली, मॅनेजरांनी काच खाली केली, काय झालं विचारलं. पुढे रंगीत टोप्या लहान लहान होत चालल्या होत्या. सगळ्यात पुढची पांढरी ओढणी आता वळणाशी पोचली होती. पायवाट रिकामी होती; मागे राहिले होते ती मीच.

शाळेत प्रार्थनेतही माझा आवाज शेजारणीला ऐकू जात नसे. मी दगडावर चढले, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशी ओरडले, "आत्या, थांब! मागे माणूस आहे!"