तारेवरचा मेहुणा

"माझ्या सिनेमात माणूस उडतो म्हणजे उडतोच! आजवर एकाच्याही कोपराला खरचटलेलं नाही!" उडतेसाहेब छाती फुगवून सांगत. धंद्यात त्यांना याच नावाने ओळखत. मुखवटा लावलेल्या, झगा पांघरलेल्या महावीरांचे सिनेमे काढण्यात त्यांच्या उमेदीची सारी वर्षं गेली होती. कुठलंही कॉमिक हातात द्या, त्यातल्या माणसाला आभाळात चढवून, वाटेत निम्मं शहर पाडून, साहेब त्याला सुखरूप खाली आणणार!

या वेळचं कॉमिक मात्र घरातलं होतं. बायकोच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादांनी, तरुणपणी मुलांच्या मासिकासाठी काढलेला 'पोचमामा'. मामा ढेरपोट्या, चष्मेवाला. उडणं नाही, भिंती फोडणं नाही. कुणी संकटात असलं की त्याला कळायचं, आणि तो चालत चालत तिथे पोचायचा. बस्स!

"चालत?" निर्माता किंचाळला. "अहो, चालणारा माणूस बघायला लोक कशाला येतील? ते स्वतःच चालत येतात की!"

झालं! मामा उडू लागला. आधी ढेरी गेली, मग चष्मा, मग मिश्या. दर वेळी दादांना फोन जायचा, "दादा, एक बारीकसा बदल केलाय."

"बरं. मामा आहे ना अजून त्यात?"

"आहे तर!"

शेवटी मामाचं नाव तेवढं उरलं, आणि तेही निर्मात्याच्या डोळ्यांत खुपत होतं.

"अहो, दादाच्या तोंडाकडे बघवत नाही मला," बायको म्हणाली. "काहीतरी करा त्याच्यासाठी!"

साहेबांनी केलं. तिथेच तर घोडं पेंड खातं! जळत्या इमारतीतून मामा एका म्हाताऱ्याला उचलतो, असा शेवट होता. तो म्हातारा दादांनीच व्हायचं! मामाचा जन्मदाता मामाच्याच हातून वाचणार! साहेबांनी पत्रकारसुद्धा बोलावले.

"जावईबापू, मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं हो," दादा म्हणाले.

"दादा, ही तार हत्ती उचलेल! आणि भीती वाटलीच तर हात वर करा, लगेच खाली घेऊ."

दादांना हे सांगितलं. क्रेनवाल्याला सांगायचं राहिलं! आणि क्रेनवाल्याच्या लेखी हात वर याचा अर्थ एकच: वर घ्या!

शूटिंगच्या दिवशी दादा स्टुडिओत दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे लटकले. पाय जमिनीवरून सुटताच त्यांनी हात वर केला. तार वर गेली. घाबरून त्यांनी दोन्ही हात वर केले. तार सुसाट वर गेली! "अहो, थांबा!" म्हणत साहेबांनीही हात उंचावले. वारा सोडायला लावलेल्या मोठ्या पंख्यापुढे आवाज कुणाला ऐकू येणार? दादा थेट छताला जाऊन भिडले, आणि तिथेच मोटर अडकली.

"मेलो! अरे, उतरवा रे मला कुणीतरी!"

पत्रकारांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "काय अभिनय आहे!"

"अहो, अभिनय कसला! भाऊ आहे तो माझा!" बायको ओरडली.

शिडी आणली, ती आखूड निघाली. दुसरी आणली, ती दारातून आत येईना. कॅमेरा चालूच होता. 'बंद करा' म्हणायला साहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कॅमेऱ्याला जोडलेल्या पडद्यावर त्यांना दादांचा चेहरा दिसला. भेदरलेला, खराखुरा. इतक्या सिनेमांत असा चेहरा त्यांना कधी मिळाला नव्हता. साहेबांनी तोंड मिटलं.

अग्निशमन दलाने दादांना खाली उतरवलं. ते एवढंच म्हणाले, "हे ठेवणार नाही ना?"

"छे छे! भलतंच काय!"

ठेवलं! निर्मात्याने आग्रह धरला आणि साहेबांनी तो फार काही मोडला नाही.

सिनेमा साफ आपटला. उडणाऱ्या मामाला लोकांनी जांभया दिल्या. दादा छताला लागले मात्र, आणि सगळं थिएटर पोट धरून हसलं. दादा बहिणीशेजारीच बसले होते. दिवे लागायच्या आत उठून गेले. मग तो तुकडा जो तो मोबाइलवर एकमेकांना पाठवू लागला. बायको साहेबांशी बोलेनाशी झाली. काही सांगायचंच असलं, तर भिंतीकडे बघून सांगायची.

शेवटी साहेब मान खाली घालून दादांच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं आणि त्या तडक आत निघून गेल्या. दादा खिडकीशी टेबलावर कागद पसरून बसले होते.

"दादा, चुकलं माझं."

"बसा."

"काढता अजून?"

"काढतो की. परवा खालची पोरं आली होती. म्हटलं, पोचमामा हवा असेल! तर म्हणाली, आजोबा, तुम्ही लटकलेलं चित्र द्या ना काढून."

"मग?"

"दिलं. पोरांना नाही कसं म्हणायचं?" दादांनी पुढचा कागद सरकवला. त्यावर मामा होता. ढेरी, चष्मा, मिश्या, सगळं जागच्या जागी; फक्त पाय जमिनीला टेकले नव्हते. "हा तेवढा आता जमत नाही, जावईबापू. कितीही काढला तरी उडायलाच लागतो."

साहेबांनी त्या पायांकडे पाहिलं आणि कागद हळूच परत सरकवला. घसा खाकरून ते म्हणाले, "चहा फार छान झालाय."

आतून वहिनींचा आवाज आला, "अजून ठेवलेला नाही!"