खटक्याचं पेन आणि इवाईबुवांचा शर्ट

"असं पेन देतो एकेकाले, का अख्खं भिवापूर खिशाकडे पाहत राहीन!"

नागपूरच्या प्रताप नगरातल्या आपल्या घराच्या मागच्या पडवीत उभं राहून प्रेमानंद गजभियेंनी ही घोषणा केली, तेव्हा त्यांच्या मिशीत, भुवयांवर आणि चष्म्याच्या काचांवर सागाचा भुसा बसला होता. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत मेंटेनन्स फिटर म्हणून उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर माणूस बागेत फिरतो, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो. प्रेमानंदरावांना बागेचा कंटाळा, आणि सून अजून यायची होती. म्हणून त्यांनी एक छोटी लेथ मशीन आणली आणि लाकडी पेनं बनवायला घेतली. सागाचा तुकडा कातून गुळगुळीत नळी करायची, आणि विकतच्या किटमधला खटका, स्प्रिंग, टोक आणि रिफिल तिच्यात बसवायची. खटका दाबला की टिक्! रिफिल बाहेर. पुन्हा दाबला की टिक्! आत.

आता लेकीचं, दीप्तीचं, साक्षगंध, म्हणजेच साखरपुडा, ठरलं होतं. मुलगा स्वानंद रामटेके, भिवापूरचा. वडील विश्वनाथ रामटेके मिरचीचे व्यापारी, आवाज मिरचीसारखाच. पण प्रेमानंदरावांच्या मनात सलत होती ती मुलाची आत्या, इंदूबाई. या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. पहिल्याच भेटीत त्यांनी चहाच्या कपावरून नजर रोखून विचारलं होतं, "मंग आता दिवसभर रिकामेच राह्यता का?"

रिकामेच! तो शब्द माशाच्या काट्यासारखा घशात अडकला होता. म्हणून साक्षगंधाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हातानं बनवलेलं पेन द्यायचं, असा प्रेमानंदरावांचा बेत ठरला. पेनं तयारही झाली. एकेक असं चमकत होतं, की त्यात तोंड पाहून भांग पाडावा!

घोटाळा झाला तो रिफिलीपाशी. किटसोबत आलेली जाड, लोखंडी रिफिल त्यांनी कागदावर ओढून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"ही घासते वं! पाहुण्यायले असं पेन देऊ का? लोण्यावानी चाललं पाह्यजे."

"घासते तं घासू द्या," वंदनाबाई मटार सोलत म्हणाल्या. "त्याच पेनाची रिफिल हाये ना ती?"

पण ऐकतील ते प्रेमानंदराव कसले! तडक सीताबर्डीला गेले आणि जेलच्या रिफिलींचा गठ्ठाच घेऊन आले. दुकानदार म्हणालाही, "काका, पेन घेऊन या, मापाची देतो." त्यावर त्याला उत्तर मिळालं, "माप माह्या डोळ्यात हाये!"

डोळ्यातलं माप पेनात बसेना. जेलची रिफिल बोटभर जास्त लांब निघाली आणि सुतळीसारखी बारीक. खटका दाबायच्या आधीच टोक बाहेर, दाबल्यावर तर पेन भाल्यासारखं दिसायला लागलं. प्रेमानंदराव हसले. उभ्या जन्मात गिरणीची एवढाली यंत्रं वठणीवर आणली, ही प्लास्टिकची काडी काय चीज! त्यांनी कात्री घेतली आणि रिफिलीचं शेपूट छाटलं. छाटल्याबरोबर मागून शाई डोकावली. मग त्यांनी मेणबत्ती पेटवली आणि त्या तोंडावर मेणाचा थेंब टाकून बूच मारलं. बारीक अंगाला चिकटपट्टीचा वेढा दिला. बसली! टिक्, बाहेर. टिक्, आत. कागदावर 'दीप्ती' असं झोकात लिहून त्यांनी बायकोपुढे धरलं.

"पाह्य! फिटर तो फिटर!"

"चारदोनदा दाबून तं पाहा," वंदनाबाई म्हणाल्या. "आणि उन्हात ते मेण राहीन का?"

"तुले मशीनीतलं काय समजते वं?"

प्रेमानंदराव उरलेल्या रिफिली छाटायला बसले आणि वंदनाबाईंनी पुन्हा मटार हातात घेतले. नवऱ्याला काही सांगण्यापेक्षा मटार सोलण्यात जास्त फायदा असतो, हे त्यांना संसारात लवकरच कळलं होतं.

साक्षगंधाच्या दिवशी नागपूरचं ऊन असं होतं, की डांबरावर पोळी भाजून निघावी. सभागृहात दोन कूलर होते, पण एक नुसताच आवाज करत होता आणि दुसरा नुसतंच पाणी उडवत होता. भिवापूरची मंडळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उतरली. दारातच प्रेमानंदरावांनी प्रत्येकाच्या हातात पेनाची डबी ठेवली.

"तुम्ही बनवले?" विश्वनाथरावांनी पेन उजेडात फिरवून पाहिलं. "मस्त काम हाये, इवाई!"

इवाई! आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, पण ते अंगठ्या झाल्यावर. इथे अंगठीच्या आधीच पदवी मिळाली! इंदूबाईंनीही पेन निरखलं आणि पर्समध्ये ठेवलं. प्रेमानंदरावांची छाती कोटाच्या गुंड्या तोडते की काय, असं वाटलं.

बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं आणि भाषणं सुरू झाली. आता खटक्याचं पेन हातात असताना भाषण ऐकणारा माणूस काय करतो? टिक्-टिक्! सगळ्या सभागृहात टिक्-टिक् सुरू झाली. जणू छताला पालींचं संमेलन भरलं होतं! प्रेमानंदरावांच्या कानाला ते संगीतच वाटत होतं.

तेवढ्यात त्यांची नजर पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्याच्या खिशावर गेली. खिशाच्या तळाशी मोहरीएवढा निळा ठिपका होता. पाहता पाहता मोहरीचा वाटाणा झाला. वाटाण्याचा लिंबू झाला! शेजारच्याच्या खिशावरही एक वाटाणा उगवत होता.

प्रेमानंदरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उन्हानं मेण मऊ झालं होतं, आणि खटका दर टिकेला ते बूच आत लोटत होता. पुढून शाई बाहेर! ती पेनं राहिलीच नव्हती. पाहुण्यांच्या छातीशी रोखलेल्या पिचकाऱ्या होत्या त्या!

ते वाकून पहिल्या पाहुण्याच्या कानाशी गेले. "पाहुणे, ते पेन जरा वापस द्या."

"काहून?"

आता काय सांगणार? रिफिल चुकली, हे शब्द फिटरच्या तोंडातून निघेनात. "असंच. राहू द्या. मंग पाहू," असं पुटपुटत त्यांनी पेन अक्षरशः हिसकलं. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. हिसकलेली पेनं मुठीत धरून ते रांगेतून कंडक्टरसारखे पुढे सरकू लागले.

पण त्यांच्यापेक्षा बातमी जोरात पळाली. पहिली रांग म्हणाली, "पेन वापस घेऊन राह्यले." दुसऱ्या रांगेत गेलं, "दिलेली भेट वापस घेऊन राह्यले." तिसऱ्या रांगेतल्या एका बहिऱ्या आजोबांनी ते जोरात पक्कं करून टाकलं, "सोयरीकच वापस घेऊन राह्यले काय? बापा, बापा!"

भाषणं आटोपून अंगठ्यांची वेळ आली होती, ती तिथेच थांबली. स्टेजवर स्वानंदनं पुढे केलेलं बोट तसंच राहिलं. दीप्तीच्या हातात अंगठी होती आणि डोळ्यात पाणी. "बाबा, तुम्ही काय करून राह्यले?" ती म्हणाली.

विश्वनाथराव स्टेजवरून उतरले. चेहरा भिवापुरी मिरचीसारखा लाल.

"गजभिये साहेब! आमचं काही चुकलं असन तं तोंडावर सांगा. पोट्टीच्या हातात अंगठी अन् तुम्ही दिलेलं वापस मागता?"

"तसं नाही हो, इवाईबुवा! फक्त पेन द्या. तुमचं पेन!"

"पेन?" विश्वनाथरावांनी खिशातून पेन उपसलं आणि टोक वर करून छातीसमोर उभं धरलं. "आमच्यात एकदा घेतलेली भेट वापस देत नाही! नाही..." टिक्! "...देत..." टिक्! "...म्हणजे नाही!" टिक्!

तिसऱ्या टिकेला पिचिक् असा आवाज झाला. शाईची एक धार वर गेली, विश्वनाथरावांच्या हनुवटीवर आपटली आणि तिथून पांढऱ्या शर्टावर ओघळत पोटापर्यंत उतरली. उरलेले थेंब प्रेमानंदरावांच्या चष्म्यावर. त्यांना समोरचे इवाई निळे-निळे दिसू लागले. चष्मा काढला, तरी निळेच दिसले!

विश्वनाथरावांनी हनुवटी पुसली, तशी बाहीही निळी झाली.

"म्हणून मागत होतो," प्रेमानंदराव कसेबसे म्हणाले. "रिफिल... रिफिल चुकली हो माह्याकडून!"

तेवढ्यात इंदूबाई उठल्या. पर्समध्ये हात घातला आणि बाहेर काढला, तेव्हा पाचही बोटं निळी होती. त्यांनी ती बोटं पाहिली, भावाचा शर्ट पाहिला. प्रेमानंदरावांना वाटलं, आता या बाई बाकावर उभं करणार.

"विश्वनाथ," इंदूबाई म्हणाल्या, "काहून एवढा चिडून राहिला गा? डाग निळाच हाये ना? निळा तं आपलाच रंग हाये! जय भीम म्हणा अन् घाला अंगठ्या!"

"जय भीम!" मागून बहिरे आजोबा ओरडले. आणि मग जे हसू फुटलं, ते दोन्ही कूलरांच्या आवाजाच्या वर गेलं. विश्वनाथराव आधी गाल दाबून उभे राहिले, मग तेही पोट धरून हसायला लागले. त्यामुळे पोटावरची शाई आणखी पसरली. दीप्तीनं डोळे पुसले आणि अंगठी घातली. फोटोत भिवापूरची सगळी मंडळी डाव्या छातीवर निळा ठिपका लावून उभी राहिली. ठिपका नसलेल्या दोघाचौघांनी मुद्दाम लावून घेतला!

इंदूबाई जाता जाता प्रेमानंदरावांजवळ थांबल्या. "तुम्ही रिकामे राह्यत नाही, हे पटलं मले," त्या म्हणाल्या. हे कौतुक होतं की काय, हे प्रेमानंदरावांना झोप लागेपर्यंत कळलं नाही.

विश्वनाथराव प्रेमानंदरावांचा शर्ट घालून भिवापूरला परतले. त्यांचा स्वतःचा, खास साक्षगंधासाठी शिवलेला लिननचा शर्ट मात्र वंदनाबाईंनी ठेवून घेतला. "धुऊन पाठवू," म्हणाल्या.

सकाळी वंदनाबाई शर्ट घेऊन ड्रायक्लीनिंगवाल्याकडे निघाल्या, तर शर्ट जागेवर नाही! मागच्या पडवीतून खळखळ ऐकू आली. प्रेमानंदराव बादलीपुढे उकिडवे बसले होते. आजूबाजूला लिंबाच्या फोडी, मीठ, धुण्याचा सोडा आणि गिरणीतून आणलेली एक बिननावाची बाटली. चेहऱ्यावर असा आत्मविश्वास, जणू कालचं काही घडलंच नव्हतं.

"काय करून राह्यले तुम्ही?" वंदनाबाई किंचाळल्या.

"घाबरतेस काहून? ड्रायक्लीनिंगवाल्याले शाईतलं काय समजते? हे माह्यं स्वतःचं मिश्रण हाये. आता सांग, कुठं दिसते का तुले डाग?"

त्यांनी बादलीतून शर्ट उचलून झोकात उलगडला. वंदनाबाईंनी तो पुढून पाहिला, मागून पाहिला, कॉलर उलटून पाहिली. खरंच, डाग कुठेच दिसत नव्हता.

अख्खा शर्टच निळा झाला होता.

आता तो भिवापूरला नेऊन द्यायला कोणी जायचं, यावर गजभियेंच्या घरी अजून बोलणी चालू आहेत.