न बदलणारा तुकडा

जावईबापूंचा आपल्या चाचणीवर जेवढा विश्वास होता, तेवढा बायकोवरही नव्हता. डासांमुळे पसरणाऱ्या, सांधे आखडवणाऱ्या नव्या तापाची ती चाचणी प्रयोगशाळेत त्यांनी स्वतः बसवली होती. विषाणू सतत बदलतो हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी त्याच्या जनुकांतला एक तुकडा नेमका धरला होता, जो म्हणे कधीच बदलत नाही. "सोंगं कितीही घेऊ दे," ते सांगत, "माझ्या हातून सुटायचा नाही."

अशात घरातच सासऱ्यांना ताप भरला. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. बोटं आखडली, हातातला चिमटा सुटून पडायला लागला. जावईबापूंनी लगेच रक्त घेतलं आणि संध्याकाळी निकाल आणला: विषाणू नाही.

"पण बोटं वळत नाहीयेत हो," सासरे म्हणाले.

"बाबा, वय झालं. मशीन कशाला खोटं बोलेल? हात चालवा, मोकळे होतील."

पाठोपाठ मच्छरदाणीही काढली. तो तापच नाही, तर डास इथून नेणार काय, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. सासरे कण्हत कण्हत घड्याळांपुढे बसले. डासांनी मात्र अहवाल वाचला नव्हता.

दोन-तीन आठवड्यांत बायकोने अंथरूण धरलं, मग समोरच्या म्हाताऱ्या मावशींनी, मग त्याच जिन्यावरच्या आणखी चार घरांनी. जावईबापूंनी सगळ्यांचं रक्त तपासलं. सगळे निर्दोष! अख्खा जिना कठडा धरून लंगडत होता आणि प्रत्येकाच्या खिशात तो ताप नसल्याचा कागद होता. मावशी तर तो कागद उशाशी ठेवूनच गेल्या.

तेव्हा कुठे जावईबापूंची पाचावर धारण बसली. सासऱ्यांचा उरलेला नमुना त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना दिला. बाईंनी विषाणूची सगळी जनुकं वाचून काढली. विषाणू तोच होता. फक्त तो न बदलणारा तुकडा तेवढा बदलला होता.

"नवा प्रकार सापडला, अभिनंदन," बाई खुशीत म्हणाल्या. "या रुग्णाचं रक्त पुन्हा आणा."

जावईबापू मान खाली घालून घरी आले. त्यांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. सासऱ्यांची बोटं आता एवढीच वळतील, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते.

"बाबा, चुकलो मी. ताप तोच होता. आणि... पुन्हा थोडं रक्त लागेल."

सासऱ्यांनी मूठ न मिटणारा हात पुढे केला.

"घ्या. पण या वेळी निकाल मी सांगेन."